सशाची गाठ

कालव्याचं पाणी दुरुस्तीसाठी बंद केलं त्याला एकवीस दिवस झाले होते, आणि काठच्या गवतानेही हात आखडता घेतला होता. एरवी पुलाच्या अलीकडे अर्ध्या तासात भारा भरायचा. आता दीड तास वाकून कंबरेचा काटा ढिला झाला तरी भाऱ्याचं पोट खपाटीलाच. गोठेवाल्याच्या अकरा गायींना दुरुस्तीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या वेळेवर हंबरायच्या.

गवत कापायचं काम थोरलीच्या आईचं. थोरली नववीत होती, धाकटी अजून शाळेत जायच्या वयाची नव्हती, म्हणून दिवसभर शेजारच्या मावशीकडे असायची. बाप लांब कुठेतरी रस्त्याच्या कामावर होता; पंधरा दिवसांनी यायचा आणि आल्याबरोबर झोपायचा. घर चालायचं ते आईच्या विळ्यावर. आणि या घरात एक गोष्ट अशी होती जी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नव्हती. आईला दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. उजेड कळायचा, माणूस उभा आहे हे कळायचं, बोलला की कोण तेही कळायचं. पण समोरच्या वस्तूचा मधला भाग नाहीसा व्हायचा. डोळ्यांवर साय धरली होती, आणि ती महिन्यामहिन्याला घट्ट होत चालली होती. हे गोठेवाल्याला कळलं तर तो दुसऱ्याच दिवशी दुसरी गवतवाली ठेवेल, यात दोघींनाही शंका नव्हती. त्याचं चुकलं असतं असंही नाही. जनावरांच्या तोंडचा चारा आंधळ्या हाताने कापून कोण घेईल?

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. संध्याकाळी शाळा सुटली की थोरली काठाने फिरायची आणि कापण्याजोगं गवत दिसलं की त्याला चिंधी बांधायची. उशीचा जुना पांढरा अभ्रा फाडून केलेल्या चिंध्या. गाठ ठरलेली: एक फास आणि वर दोन कान. आई तिला सशाची गाठ म्हणायची. पहाटे आई जायची, बोटांनी काठ चाचपत कान शोधायची, कान सापडले की गाठ सोडून चिंधी कमरेला खोचायची आणि मूठ धरून विळा चालवायची. अंधारात कापते म्हणून लोक तिचं कौतुक करायचे. "काय कामसू बाई आहे, उजाडायच्या आत भारा!" आई हसायची. अंधारात सगळ्यांनाच दिसत नाही, एवढाच तिचा फायदा होता.

थोरलीला मात्र सतत धाकधूक असायची. गोठेवाला आईशी बोलत असला की तिचं लक्ष त्याच्या हातांवर असायचं. आता तो काहीतरी पुढे करेल, आई भलतीकडेच हात नेईल, आणि संपलं.

शाळेत पर्यावरणाचे सर नवीन आले होते. पोरांनी त्यांचं नाव चौकटसर ठेवलं होतं, कारण काहीही दाखवायचं तर ते चौकटीत घालून दाखवायचे. पुस्तकातलं जंगल फळ्यावर काढून दाखवणं त्यांना मंजूर नव्हतं. गुरुवारी दुपारी त्यांनी अख्ख्या वर्गाला पुलाच्या पलीकडे कालव्याच्या काठावर नेलं, चार खुंट्या ठोकून निळ्या सुतळीने मीटरभर लांबीरुंदीची चौकट केली आणि म्हणाले, "हे एवढंच जग आहे असं समजा. यात कोण कोण राहतं ते मोजा."

पोरं गुडघ्यावर बसली. कोणी मुंग्या मोजल्या, कोणी गोगलगाईचे शंख. अशा पाच चौकटी झाल्या. पलीकडचा काठ करपून गेला होता, पण प्रत्येक चौकटीत एकाच जातीची दोनतीन झाडं मात्र हिरवीगार होती. गुडघ्याएवढी, मऊ, रसरशीत, जांभळट देठाची. थोरलीने एकेक पान उलटून पाहिलं आणि वहीत लिहिलं: पानांना एकही भोक नाही.

सरांनी ते वाचलं. "शाब्बास! हे कोणीच पाहिलं नाही. का नसेल बरं भोक?"

"माहीत नाही, सर."

"मलाही नाही. उद्या पुस्तकं घेऊन येतो. तोवर ज्याचं नाव आपल्याला येत नाही त्या झाडाला खूण बांधून ठेवू. हात लावायचा नाही, तोडायचं नाही, फक्त खूण."

सरांकडची लाल फीत दुसऱ्याच झाडाला संपली. "कोणाकडे काही आहे का बांधायला?"

थोरलीच्या दप्तरात संध्याकाळच्या चिंध्या होत्या. तिने बिचकत काढल्या. मागून मॉनिटर खिदळली, "ही बघा, चिंध्या घेऊन फिरते!" सगळे हसले. थोरलीचे कान तापले. पण सर म्हणाले, "देवासारखी धावून आलीस," आणि हसू तिथल्या तिथे विरलं. थोरलीने नऊ झाडांना नऊ चिंध्या बांधल्या. हात सवयीने चालत होते. सर वाकून बघत म्हणाले, "काय सुरेख गाठ आहे गं! सुटत नाही आणि ओढली की लगेच सुटते." त्यांनी मॉनिटरला ती गाठ शिकायला लावली. मॉनिटरला ती काही जमली नाही. थोरली त्या दिवशी घरी जाताना जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

संध्याकाळी अलीकडच्या काठावर बांधायला तिच्याकडे चारच चिंध्या उरल्या. गवतही चार चिंध्यांइतकंच होतं.

"चारच?" आईने विचारलं.

"तेवढंच आहे गं."

"मग उद्या जरा पुढे जाऊन बघते," आई म्हणाली आणि धाकटीला थोपटायला लागली. थोरली मराठीचा निबंध लिहीत होती. तिचं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी ती उठली तेव्हा आई नेहमीप्रमाणे निघून गेलेली होती. भारा घेऊन ती सरळ गोठ्यावर जायची, तिथे शेण भरायची, चारा बारीक करायचं कुट्टीचं यंत्र फिरवायची आणि बाराची वैरण घालूनच घरी यायची. थोरलीने धाकटीला मावशीकडे सोडलं आणि शाळेत गेली.

चौकटसर तीन जाडजूड पुस्तकं आणि कागदात दाबलेलं एक पान घेऊन आले होते. आज त्यांच्या आवाजात खेळकरपणा नव्हता.

"कालच्या झाडाचं नाव सापडलं," ते म्हणाले. "नाव नंतर सांगतो. आधी हे ऐका. किड्यांनी पान का खाल्लं नाही? कारण खाल्लं की किडा मरतो. विषारी आहे ते. आपल्याला वासावरून ओळखता येत नाही, म्हणून जास्तच वाईट. मुळं खोल जातात, त्यामुळे दुष्काळातही हेच हिरवं राहतं. मोकळं चरणारं जनावर याला सहसा तोंड लावत नाही. पण दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, बारीक करून दिलं तर खातं. आधी लाळ गळते. मग पाय थरथरतात. मग जनावर बसतं. बसलं की उठत नाही."

थोरलीने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. बरं झालं, काल हात धुतले. बरं झालं, ते पुलाच्या पलीकडे आहे. आई कधी पलीकडे जात नाही.

मग तिला आईचं कालचं वाक्य आठवलं.

तिने ते झटकून टाकायचा प्रयत्न केला. पलीकडे जाऊन काय करणार आई? तिकडे गवतच नाही. चाचपून परत येईल. अकराला वर्ग पुन्हा काठाकडे निघाला तेव्हा थोरली रांगेत सगळ्यात पुढे होती, आणि पूल जवळ येईल तशी तिची पावलं जड होत होती.

खुंट्या होत्या. मधली झाडं नव्हती.

जमिनीपासून चार बोटं उंचीचे देठ उरले होते, तिरके, एकसारखे कापलेले. सुतळी कोणीतरी खुंट्यांवरून काढून, नीट गुंडाळून, वाऱ्याने उडू नये म्हणून दगडाखाली ठेवली होती. सरांच्या लाल फितीची दोन झाडं तशीच उभी होती. पांढऱ्या चिंधीची नऊच्या नऊ गेली होती, चिंध्यांसकट.

चार बोटांचा देठ ठेवून असं तिरकं कोण कापतं, हे थोरलीला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि दुसऱ्याची सुतळी गुंडाळून ठेवणारी या काठावर एकच बाई होती.

"कोणी केलं हे?" सर ओरडले. काल दुपारभर मांडलेला त्यांचा खेळ कोणीतरी मोडला होता. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला. "अरे देवा. गुरांसाठी नेलं असेल तर?"

"गवतवाले असतील, सर," मॉनिटर म्हणाली. "मिळेल ते ओरबाडून नेतात. एवढी खूण बांधलेली दिसत नाही? डोळे नसतात का त्यांना?"

थोरली तिरक्या देठांकडे बघत राहिली. आता बोललं तर सगळं बाहेर येणार. खूण असताना का कापलं? चिंधी बघून का कापलं? मग आईला दिसत नाही का? एकेक धागा ओढला की अख्खं घर उसवणार. नाही बोललं तर... अकरा गायी. तिने मनात मोजायला सुरुवात केली, का मोजतेय ते तिलाही कळत नव्हतं. दहापर्यंत बोलेन. दहा झाले. वीसपर्यंत. सर कोणाच्या गोठ्याला निरोप द्यायचा ते विचारत होते. वीस झाले. तिला आपल्या भित्रेपणाची शिसारी येत होती.

"किती वाजले, सर?" ती एकदम म्हणाली.

"साडेअकरा. का?"

"माझ्या आईने कापलंय. बाराला वैरण घालतात. पुलापासून तिसरा गोठा." तिने दप्तर खांद्यावरून काढलं. "तिचा दोष नाही. आमच्या घरी या गाठीचा अर्थ 'काप' असा आहे. गाठ मी बांधली होती."

कोण काय म्हणालं ते तिने ऐकलं नाही. दप्तर तिथेच टाकून ती पळत सुटली.

काठाची माती भुसभुशीत झाली होती, पाय रुतत होते. एक चप्पल तुटली, ती फेकून दिली. मग दुसरीही फेकली. छातीत कळ आली तरी ती थांबली नाही. कानात सरांचे शब्द घुमत होते: बसलं की उठत नाही.

गोठ्याच्या फाटकातून आत शिरली तेव्हा कुट्टीचं यंत्र थांबलं होतं. हिरव्या कुट्टीच्या पाट्या ओळीने मांडल्या होत्या, आणि आई भिंतीला हात लावत लावत, गव्हाणी मोजत, पहिली पाटी कोपऱ्यातल्या गायीपुढे ओतून परत येत होती. त्या गायीला सगळे ठिपकी म्हणायचे. ठिपकीची मान गव्हाणीत होती.

थोरलीने ठिपकीचं तोंड ढकललं आणि दोन्ही हातांनी कुट्टी बाहेर उपसायला लागली. ठिपकीने रागाने डोकं हलवलं, शिंग थोरलीच्या दंडाला घासलं.

"कोण आहे?" आई दचकली. मग ओळखलं. "अगं, शाळा सुटली? काय करतेस?"

"आई, हे घालू नकोस. कोणालाच घालू नकोस. विषारी आहे."

"काय विषारी? तू बांधलेलं कापलंय मी." आई हसत होती. "चार म्हणालीस आणि लबाडे, पलीकडे नऊ बांधून ठेवलीस! मला वाटलं गंमत करतेस. सशाचीच गाठ होती, मी बोटांनी बघितली ना."

"ती शाळेसाठी बांधली होती, आई! सरांनी सांगितलं म्हणून. नाव माहीत नाही म्हणून खूण. कापायची नव्हती गं ती."

आईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. मग ती फार हळू म्हणाली, "किती खाल्लं तिने?"

"अर्धी पाटी असेल."

"हळू बोल. मालक आत आहेत." आईने पदराने कपाळ पुसलं आणि लगबगीने पाट्या ओढायला वाकली. "चल, मागे उकिरड्यावर टाकू. सांगायचं नाही काही. अर्ध्या पाटीने काय होतंय? चल, उचल."

थोरलीने पाटी उचलली. तेवढ्यात ठिपकीच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. आईला ती दिसली नाही. थोरलीला दिसली. तिने पाटी खाली ठेवली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "मालक!"

गोठेवाला जेवता जेवता उठून आला, हात उष्टा. त्याला गोष्ट समजायच्या आत फाटकातून चौकटसर आणि त्यांच्या मागे जनावरांचा डॉक्टर आला. सरांनी वाटेतच फोन करून त्याला बोलावलं होतं. डॉक्टरने ठिपकीच्या पापण्या ताणून पाहिल्या, कुट्टी हातात चोळली, आणि भराभर पिशवी उघडली. एक इंजेक्शन. मग बादलीत कोळशाची काळी भुकटी कालवून नळीने पोटात.

"आता हिला बसू देऊ नका," तो म्हणाला. "काही झालं तरी नाही."

ठिपकी बसायलाच बघत होती. पुढचे पाय थरथर कापत होते, कातडी लहरत होती. गोठेवाल्याने दावं वर आढ्याला ओढून बांधलं. सरांनी चष्मा खिशात घातला आणि मागून पुठ्ठ्याला आधार दिला. शेणाचा एक फटकारा त्यांच्या सदऱ्यावर आला, ते हलले नाहीत. आई गायीच्या पोटाखाली खांदा लावून उभी राहिली आणि थोरली तिच्या शेजारी. गायीचं सगळं वजन त्यांच्यावर आलं की पाय जमिनीत जातील असं वाटायचं. आई एकसारखी पुटपुटत होती, "उभी राहा गं बाई, उभी राहा, उभी राहा." कोणाचा खांदा भरून आला की दुसरा पुढे व्हायचा. आई एकदाही बाजूला झाली नाही.

असे चार तास गेले. थोरलीला रडू येत होतं, पण रडायला श्वास लागतो आणि तेवढा श्वास तिच्याकडे नव्हता. चारच्या सुमारास थरथर कमी झाली. मग ठिपकीने मान झुलवली, घशातून काहीतरी वर आणलं आणि सावकाश जबडा फिरवायला लागली.

"रवंथ करतेय," डॉक्टर म्हणाला आणि पायरीवर मटकन बसला. "वाचली. अजून एक पाटी गेली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता."

गोठेवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोराबाळांचा बाप असा उभ्याउभ्या हुंदके देताना थोरलीने कधी पाहिला नव्हता. मग त्याने नाक पुसलं आणि वळला.

"वहिनी, आता मला सांगा. तीन वर्षं तुम्ही गवत आणताय. कडू पान कधी आलं नाही. आज हे कसं झालं?"

"मालक, चूक माझी आहे," थोरली मध्ये पडली. "चिंधी मी..."

"तुला नाही विचारलं, बाळ. तुझं सरांनी सांगितलं मला. शाळेची खूण होती, तू बांधलीस, कळलं." तो आईकडेच बघत होता. "पण हे झाड काय आणि गवत काय, हे दुधपित्या वासराला कळतं. वहिनींना चिंधी कशाला लागते?"

आईने थोरलीचा हात चाचपून धरला.

गोठेवाला पाच पावलं मागे गेला. उन्हाकडे पाठ करून उभा राहिला आणि हात वर केला. "किती बोटं आहेत, वहिनी?"

दोन होती. थोरलीला स्वच्छ दिसत होती, अंगठ्याशेजारची आणि मधली. आईची बोटं तिच्या तळव्यात किंचित हलली. विचारत होती. दोनदा दाबलं असतं की झालं. आई ठणकावून 'दोन' म्हणाली असती, गोठेवाला ओशाळला असता, उद्या पहाटे पुन्हा विळा, पुन्हा काठ, पुन्हा चिंध्या. घर जसं होतं तसं राहिलं असतं.

थोरलीला आज सकाळपासून इतकी भीती कधी वाटली नव्हती. काठावर नाही, पळताना नाही, गायीच्या पोटाखालीही नाही. आईचा हात वाट बघत होता. तिने डोळे मिटले आणि आपला हात हलू दिला नाही.

गोठ्यात ठिपकीच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता.

"नाही दिसत, मालक," शेवटी आई म्हणाली. "तुम्ही हात वर केलाय एवढं कळतं."

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

गोठेवाल्याने हात खाली घेतला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. "उद्यापासून गवताला येऊ नका," तो म्हणाला आणि आत जायला वळला, मग उंबऱ्यात थांबून, पाठमोराच म्हणाला, "डॉक्टर, माणसांच्या डोळ्यांचं कुठे बघतात, ते यांना लिहून द्या." डॉक्टरने चिठ्ठी लिहिली. ती सरांनी थोरलीच्या हातात दिली. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

मायलेकी रस्त्याला लागल्या. थोरली अनवाणी होती, दंडाला खरचटलेलं होतं, आणि आईकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

"किती होती गं बोटं?" आईने विचारलं.

"दोन."

"मी चार म्हणणार होते," आई म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता ती रस्त्यातच उभी राहिली आणि रडायला लागली. थोरलीही रडली, मोठ्याने, धाकटीसारखी.

बाजार भरात होता. एरवी या रस्त्याने आई ताठ मानेने, पावलं मोजत, कोणाला धक्का लागू न देता चालायची. लेकीला दोन हात लांब ठेवायची, कोणाला शंका यायला नको. आज तिने डोळे पुसले, हात पुढे केला आणि भर रस्त्यात थोरलीचा खांदा घट्ट धरला. दुकानातली माणसं बघायला लागली.

"बघतायत का गं लोक?"

"हो."

"बघू दे. तू चल. आणि पायरी आली की सांग."

थोरलीने नाक ओढलं. पुढे गटारावर फरशी होती.

"पायरी," ती म्हणाली.